रहिवासी आणि गावचे मत

(एका विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज जो प्रश्न आपणांपुढे मांडावयाचा आहे, तो प्रथमदर्शनी आपला वाटणार नाही. एखादा परदेशी मनुष्य कायद्याने एखाद्या देशात येऊन राहिला, तेथे त्याने वर्षानुवर्षे श्रम केले, कर भरले, मुलेबाळे वाढविली, तर त्या गावच्या पंचायतीच्या अथवा नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यास मत असावे की नसावे, असा हा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही या देशाचे नागरिक आहोत. २६ जानेवारी १९५० पासून आमच्या मताचे मोल इतर कोणाच्याही मताएवढेच आहे. मग परक्याच्या मताची उठाठेव आम्ही कशास करावी? माझे सांगणे असे की, हा प्रश्न समजण्यास तुमच्याइतका लायक श्रोता दुसरा मिळावयाचा नाही. गावात राहावयाचे, गावाची कामे करावयाची, आणि गावाच्या निर्णयात मात्र आपली गणना नाही, ही अवस्था तुमच्या आज्यापणज्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. ‘गाव’ हा शब्द उच्चारला जाई, तेव्हा त्यात महारवाडा धरलेला नसे. चावडीचा निरोप घेऊन दहा कोस धावणाऱ्या माणसास त्या चावडीवर बसता येत नसे.

माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणास तर्क करीत बसावे लागणार नाही. देशाचा कायदा करणाऱ्या सभेसाठी नागरिकत्व ही अट योग्य आहे. परंतु ज्या सभेचे काम विहीर, गटार, दिवाबत्ती, शाळेची इमारत आणि स्मशानाची वाट एवढेच आहे, त्या सभेच्या मतास कायदेशीर आणि दीर्घकाळचे वास्तव्य पुरेसे मानावे. हे मत मी हवेतून काढलेले नाही. त्यामागे एक फार मोठी व दुःखद हकीकत आहे, आणि ती आपल्या शेजारच्या बौद्ध देशात घडलेली आहे.

सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, डोंगराळ भागात गोऱ्या मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात प्रथम कॉफीची आणि कॉफीवर रोग पडल्यानंतर चहाची लागवड केली. त्यासाठी लागणारा मजूर त्यांनी मद्रास इलाख्यातून आणला. तिरुचिरापल्ली, मदुरा, सेलम, तंजावर या भागांतील भूमिहीन माणसे कंगाणी नावाच्या मुकादमामार्फत समुद्रापलीकडे नेली गेली. त्यांतील फार मोठा वर्ग पळ्ळर, परैयर अशा जातींचा होता, म्हणजे तिकडच्या गावकुसाबाहेरचाच होता. डोंगरउतारावर चाळीसारख्या लांबच लांब बराकी, एका कुटुंबास एक खोली, पहाटे भोंगा, दिवसभर पाने खुडणे आणि संध्याकाळी वजनकाट्यापुढे उभे राहणे, असा त्यांचा जन्म गेला. त्यांच्या मुलांचाही गेला आणि नातवांचाही गेला.

१९३१ साली सिलोनला नवी राज्यघटना मिळाली आणि प्रौढ स्त्रीपुरुषांस मताधिकार मिळाला. त्या वेळी आपल्याकडे मत हे शेतसारा व मालमत्ता मोजून दिले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सुधारणेचे महत्त्व कळेल. परंतु मळ्यावरील भारतीय मजुरास तो अधिकार सरळ मिळाला नाही. आपण येथे कायमचे राहणार आहोत हे त्यास सिद्ध करावे लागे, किंवा पाच वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढावा लागे. मळ्याच्या साहेबास मात्र साक्षरता आणि मालमत्ता यांच्या बळावर यादीत नाव घालता येई. साहेबही परकाच होता. परकेपणाची बाधा कोणास होते आणि कोणास होत नाही, हे अशा वेळी स्पष्ट दिसते.

इतकी अडचण असूनही पुष्कळ मजूर मतदार झाले. आणि नंतर जे घडले, त्याकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. कारण इतिहासाची पुस्तके १९४८ सालापासून ही कथा सांगावयास लागतात. ती खरोखर १९३७ साली सुरू झाली. त्या वर्षी ग्रामसमित्यांच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत मळ्यांवरील भारतीय मजुरांस ग्रामसमितीच्या मताधिकारातून वगळण्यात आले. जो मनुष्य देशाच्या कायदेमंडळासाठी मत देऊ शकत होता, तोच शेजारच्या खेड्याच्या समितीसाठी मत देण्यास नालायक ठरला! तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट उलटी आहे. परंतु द्वेषाचे तर्कशास्त्र निराळे असते. कोलंबोच्या सभागृहातला आपला प्रतिनिधी गावकऱ्यास डोळ्यांनी दिसत नाही. गावच्या समितीत मांडीला मांडी लावून बसणारा मजूर दिसतो. तो डोळ्यांत खुपतो. भारतीय मजुरांत या कायद्याने मोठी खळबळ उडाली. १९३९ साली पंडित नेहरू तेथे गेले, आणि त्या भेटीतून सिलोन इंडियन काँग्रेस ही संस्था उभी राहिली.

मळ्यांभोवतालच्या कँडीच्या सिंहली शेतकऱ्याच्या बाजूचेही ऐकून घेतले पाहिजे. त्याची तक्रार खोटी नव्हती. इंग्रजांनी १८४० च्या कायद्याने पडीक व जंगलाची जमीन सरकारजमा करून ती मळेवाल्यांस विकली. ज्या डोंगरावर त्याची गुरे चरत होती तेथे चहा आला, आणि चहाबरोबर परमुलखातील लाखो माणसे आली. १९४६ च्या शिरगणतीत या भारतीय तमिळांची संख्या सुमारे ७ लाख ८० हजार भरली. आपल्याच खोऱ्यात आपण अल्पसंख्य होऊ अशी भीती त्या शेतकऱ्यास वाटली, यात नवल नाही. परंतु जमीन घेतली मळेवाल्याने आणि मत काढून घेतले मजुराचे. मालकाचा अन्याय मजुराकडून वसूल करावयाचा, ही रीत आपल्या परिचयाची आहे.

१९४७ च्या निवडणुकीत सिलोन इंडियन काँग्रेसचे सात उमेदवार निवडून आले. १९४८ साली देश स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. मनुष्याचा स्वतःचा जन्म सिलोनमध्ये झालेला असून भागेना. त्याचा बापही तेथेच जन्मलेला असला पाहिजे, किंवा आजा व पणजा असे दोघेही तेथे जन्मलेले असले पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. बराकीत जन्मलेल्या पोराच्या जन्माची नोंद कोणी ठेवली होती? पणज्याचा दाखला आणावयाचा कोठून? पुढच्या वर्षी, १९४९ साली, दीर्घकाळच्या रहिवाशांना अर्ज करण्याची एक वाट ठेवली, आणि त्याच वर्षी नागरिकाखेरीज कोणास मत नाही असे निवडणूक कायद्यातही घातले. सुमारे सव्वाआठ लाख माणसांसाठी अर्ज झाले. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या छाननीतून सुमारे १ लाख ३४ हजार माणसे पार पडली. १९५२ च्या निवडणुकीत मळ्यांच्या मजुरांचा एकही प्रतिनिधी उरला नाही.

जाफन्याच्या तमिळ पुढाऱ्यांपैकी चेल्वनायकम यांनी याला कडवा विरोध केला आणि १९४९ मध्ये वेगळा पक्ष काढला; पण त्यांचे कित्येक सहकारी सरकारच्या बाजूस जाऊन बसले. भाषा एक आणि देव एक असला म्हणजे बाजूही एक होते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे प्रकरण वाचावे.

१९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहण्यासाठी कँडीस गेले होते. कँडीच्या सभोवार हेच चहाचे मळे आहेत. बाबासाहेब तेथे गेले तेव्हा त्या मजुरांचे मत जाऊन पुरते वर्षही झाले नव्हते. हे मी बौद्ध राष्ट्राला दूषण देण्यासाठी सांगत नाही. सांगावयाचे ते एवढेच, की राज्यकर्त्याने पंचशील घेतले म्हणजे मतदारयादी आपोआप न्यायाची होत नाही. यादी कायद्याने होते, आणि कायदा न्यायाचा आहे की नाही हे दर वेळी तपासावे लागते.

मतहीन माणसांचे पुढे काय झाले? ३० ऑक्टोबर १९६४ रोजी शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंडारनायके यांनी करार केला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यावीत, ३ लाख सिलोनने ठेवावीत, आणि उरलेल्या दीड लाखांचा विचार मागाहून करावा, असे ठरले. १९७४ साली ते दीड लाखही निम्मेनिम्मे वाटले गेले. हे आकडे तांदळाच्या पोत्यांचे नाहीत. यांतील असंख्य माणसांनी भारत कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. जे इकडे आले, त्यांपैकी कित्येकांना निलगिरीच्या डोंगरात पुन्हा चहाच्याच मळ्यावर कामास लावले. तामिळनाडू सरकारने १९६८ पासून मुद्दाम त्यांच्यासाठी मळे उभे केले. तिकडे जे राहिले, त्यांतील शेवटच्या नागरिकत्वहीनांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मिटला. १९४८ ते २००३ हा काळ पंचावन्न वर्षांचा होतो. एका माणसाच्या कामकरी आयुष्याहून तो अधिक आहे.

आता या कथेचा जो भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो, तो ऐका. नागरिकत्व परत मिळाले, मत परत मिळाले. तरीही मळ्यातली वाट चिखलाचीच राहिली. १९८७ साली श्रीलंकेत प्रादेशिक सभांचा, म्हणजे आपल्या पंचायतीसारख्या संस्थांचा, कायदा झाला. त्याच्या तेहतिसाव्या कलमामुळे सभेचा पैसा मळ्याच्या हद्दीत खर्च करण्यास आडकाठी होती. मजुराने सभासद निवडून द्यावा, आणि त्या सभासदाने मजुराच्या बराकीपुढे रस्ता करू नये, अशी ही व्यवस्था होती. हे कलम २०१८ साली दुरुस्त झाले. १९३७ साली गावच्या समितीच्या दारात जो अडसर घातला गेला, तो पूर्णपणे निघण्यास ८१ वर्षे लागली. पार्लमेंटचे मत आधी परत आले आणि गावचे सर्वांत शेवटी. म्हणूनच मी म्हणतो की, ज्यास गावच्या कारभारात मोजले जात नाही, त्यास अन्य कोठे मोजले गेले तरी त्याच्या दारची गटार वाहती होत नाही.

बाबासाहेबांनी १९२९ साली सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्याच्या घटनेविषयी जो स्वतंत्र अहवाल सादर केला, त्यात मताधिकाराचा जो अर्थ सांगितला आहे तो या ठिकाणी उपयोगी पडतो. माणसे एकत्र राहतात तेव्हा त्या सहजीवनाच्या काही अटी असतात. त्या अटी ठरविण्यात वाटा असणे म्हणजे मताधिकार, असा त्यांच्या विवेचनाचा भावार्थ आहे. आणि घासाघीस करण्याची ताकद ज्याच्यापाशी कमी, त्याच्यावर इतरांनी आपल्या सोयीच्या अटी लादण्याचा धोका अधिक. म्हणून मताची गरज त्यालाच सर्वांत जास्त. त्या काळी लोक म्हणत, अस्पृश्य अडाणी आहे, त्यास मत कशास हवे? बाबासाहेबांनी तो युक्तिवादच उलटा फिरविला. अर्थात ते तेव्हा आपल्याच देशातील माणसांविषयी बोलत होते, परदेशीयांविषयी नव्हे. आणि संविधानाच्या ३२६ व्या कलमात लोकसभा व विधानसभा यांसाठी नागरिकत्वाची अट आहे, हेही मी लपवून ठेवणार नाही. त्या अटीस माझा विरोध नाही, हे वर सांगितलेच आहे. पण मताधिकाराचा जो अर्थ त्यांनी दिला, तो गावाच्या पातळीवर लावून पाहिला, तर सहजीवन कोणाचे, असे विचारावे लागते; आणि त्याचे उत्तर ‘जे तेथे राहतात त्यांचे’ यावाचून दुसरे संभवत नाही.

सिलोन दूर आहे असे वाटत असेल, तर आपण विदर्भात येऊ. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. ती १९७२ च्या सुमारास वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. सरकारने दिलेल्या जमिनीवर ही मंडळी धान पिकवितात, आणि थंडीच्या दिवसांत शहरोशहरी लोकरी कपड्यांची दुकाने मांडतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांच्याकडून स्वेटर घेतले असतील. भाव करताना ती माणसे चांगले मराठी व हिंदी बोलतात, हेही तुम्ही ऐकले असेल.

या वसाहतीत मत कोणास आहे? आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेले मूल, आईबाप कोणीही असोत, जन्माने नागरिक असते. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी नागरिक असण्याची अट आली, आणि डिसेंबर २००४ पासून ती अधिक कडक झाली. तिबेटी मुलांच्या बाबतीत ही गोष्ट कित्येक वर्षे कोणी मनावर घेतली नव्हती. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती मान्य केली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा लोकांची नावे यादीत घेण्यास सांगितले.

याचा परिणाम एका घरात कसा होतो ते पाहा. आजी १९५९ नंतर हिमालय ओलांडून आली. तिला मत नाही. आईबाप दोघेही तिबेटात जन्मलेले, त्यांनाही नाही. त्यांचा थोरला मुलगा १९८५ साली याच मातीत जन्मला. त्यास मत आहे. धाकटी मुलगी १९८८ साली जन्मली, तिला नाही. दोघांनी एकाच शाळेत बाराखडी गिरविली, एकाच हापशाचे पाणी प्याले. हापसा बिघडला तर तो दुरुस्त करावा की नाही, हे ठरविणाऱ्या पंचायतीसाठी भाऊ मत देऊ शकतो आणि बहीण देऊ शकत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. तेव्हा वरच्या यादीत जो नाही, तो खालच्या यादीतही नाही. दोन्ही याद्यांची कामे निराळी असताना कसोटी मात्र एकच ठेवलेली आहे.

यावर एक सरळ सूचना येते. ज्यांना नागरिक होता येते त्यांनी नागरिक व्हावे, म्हणजे प्रश्न मिटला! सूचना चांगली आहे, पण ती पुरी पडत नाही. प्रथम, ज्यांना होता येत नाही अशांचे काय, हा प्रश्न राहतोच. दुसरे असे की, ज्यांना होता येते अशांतही पुष्कळ जण मुद्दाम होत नाहीत. त्यांची समजूत अशी की, आपण परक्या देशाचे नागरिक झालो तर तिबेटवरील आपला हक्क आपणच सोडल्यासारखे होईल. हा विचार कोणास भाबडा वाटेल; मला वाटत नाही. ज्या माणसाचा देश हिरावला गेला आहे, त्याच्या हाती देश म्हणून नावापुरतेच काही उरते, आणि ते तो जपून ठेवतो. अशा माणसास ‘नाव सोड, मग पाण्याविषयी बोल’ असे सांगणे योग्य आहे काय?

या लोकांस मतदान ठाऊक नाही असेही नव्हे. १९६० पासून ते आपल्या निर्वासित लोकसभेसाठी मतदान करीत आले आहेत. २०११ साली दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार लोकनियुक्त नेत्याकडे सोपवून टाकले. म्हणजे गोठणगावचा तिबेटी म्हातारा धर्मशाळेच्या आपल्या सभेसाठी मत देतो. ती सभा त्याच्या वसाहतीपुढचा सरकारी रस्ता करू शकत नाही. आणि जी पंचायत तो रस्ता करू शकते, तिच्यासाठी त्यास मत नाही.

ते बौद्ध आहेत म्हणून तुम्ही त्यांची बाजू घ्यावी, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. १९८३ नंतर लंकेतून आलेले आणि तामिळनाडूच्या छावण्यांत दोन दोन पिढ्या काढलेले तमिळ निर्वासित बहुतांशी हिंदू आहेत. त्यांना लावावयाचा न्याय हाच. धर्म पाहून हक्क मोजण्यास आपण लागलो, तर आपल्यावर झालेल्या अन्यायाविरुद्ध बोलण्याचे तोंड आपणांस राहणार नाही.

‘असे जगात कोठे आहे काय?’ म्हणून विचारणारे नेहमी भेटतात. आहे. स्वीडनने १९७५ साली कायदा करून तीन वर्षे कायदेशीरपणे राहिलेल्या परदेशीयांस स्थानिक निवडणुकीत मत दिले, आणि १९७६ साली त्यांनी ते प्रथम बजावले. पुढे डेन्मार्क, नॉर्वे आणि नेदरलँड्स यांनी तीच वाट धरली. आशियात दक्षिण कोरियाने २००५ साली कायम रहिवाशांसाठी तसा कायदा केला. स्कॉटलंडने २०२० साली राष्ट्रीयत्वाची अट काढून टाकली. आणि इंग्लंडचे उदाहरण तर आपल्या घरातले आहे. भारतीय पासपोर्टवर तेथे कायद्याने राहणारा मनुष्य, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, नगरपालिकेसाठीच नव्हे तर पार्लमेंटसाठीही मत देऊ शकतो. आपल्या समाजातील जी मुले शिकून तिकडे नोकरीस गेली आहेत, त्यांना पत्र लिहून विचारा. तुमचा मुलगा लंडनच्या नगरसभेसाठी मत देतो तेव्हा तुम्हांस अभिमान वाटतो. मग गोठणगावच्या तिबेटी मुलीने तुमच्या पंचायतीसाठी मत दिले तर तुमचे काय बिघडते?

उलट बाजूचे सर्वांत भारदस्त उत्तर जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी दिले. हांबुर्ग आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मत देणारे कायदे केले होते. न्यायालयाने ते रद्द केले. सत्ता जनतेपासून निघते आणि जनता म्हणजे जर्मन नागरिकांचा समुदाय, असे न्यायालय म्हणाले. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सुचविले की, कायम राहणारे आणि मत देणारे यांत अंतर पडत असेल, तर नागरिकत्व मिळविणे सोपे करावे. हा विचार प्रामाणिक आहे, आणि त्याचा मी आदर करतो. परंतु पुढे काय झाले? १९९२ साली युरोपच्या करारामुळे जर्मनीला आपली घटना दुरुस्त करून युरोपीय समुदायातील परदेशीयांना स्थानिक मत द्यावे लागले. जो समुदाय १९९० मध्ये ‘जनता’ नव्हता, तो दोन वर्षांत गावापुरता जनता झाला! कालपरवा आलेला इटालियन मत देऊ लागला. आणि १९६१ च्या करारान्वये कारखान्यांत राबावयास आलेला तुर्की कामगार तीस तीस वर्षे राहूनही दाराबाहेरच राहिला. नागरिकत्वाचा कायदा सैल होण्यास २००० साल उजाडावे लागले. म्हणजे अडचण तत्त्वाची होती, असे निदान मला तरी वाटत नाही.

एक भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या देशाच्या सीमेवरील राज्यांत, विशेषतः आसामात, बाहेरून येणाऱ्यांमुळे आपली भाषा व जमीन जाईल अशी भीती लोकांस वाटते. कँडीच्या शेतकऱ्याच्या भीतीचीच ती बहीण आहे. म्हणून मी जी मागणी करतो तीस मर्यादा घालतो. ज्याच्या वास्तव्याची सरकारदरबारी नोंद आहे, जो कायद्याने राहत आहे, आणि त्याच गावात किंवा शहरात ज्यास सलग पाच वर्षे झाली आहेत, अशासच हे मत असावे. ते ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि नगरपालिका यांपुरते असावे. उमेदवारीचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवण्यास माझी हरकत नाही. स्वीडनमध्ये दोन्ही आहे, पण एका वेळी एक पायरी चढणे बरे. परकी निष्ठा, परकी निष्ठा म्हणून जो आरडाओरडा होतो, त्यावर एवढेच म्हणता येईल की, ग्रामपंचायत युद्ध पुकारीत नाही आणि तह करीत नाही. ती फार तर कोंडवाड्याचा दंड ठरविते.

मत मिळाले म्हणजे सर्व साधले असेही कोणी समजू नये. स्वीडनच्या पहिल्या निवडणुकीत परदेशी मतदारांपैकी शेकडा साठ जणांनी मत दिले. नंतर हे प्रमाण पुष्कळ उतरले. ज्यास आपले म्हणणे कोणी ऐकत नाही असा अनुभव येतो, तो मत देण्यासही जात नाही. त्यासाठी संघटना लागते आणि शिक्षण लागते. ते काम कायदा करीत नाही.

कायदा बदलणे विधिमंडळाच्या हाती आहे, आणि त्यास वेळ लागेल. तोपर्यंत भंडारा-गोंदियाकडच्या आपल्या मंडळींना करता येण्याजोगे एक काम आहे. गोठणगावच्या वसाहतीत १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली जी माणसे असतील, त्यांपैकी ज्यांची इच्छा असेल, त्यांना नमुना ६ भरण्यास मदत करा. जन्माच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात; ते कसे घालावयाचे हे आपल्या लोकांना जातीच्या दाखल्यांमुळे चांगले ठाऊक झाले आहे. ज्यांची इच्छा नसेल त्यांना आग्रह करू नका. आणि ज्यांना मत नाही त्यांच्या वस्तीच्या पाण्याचा व रस्त्याचा विषय, जवळच्या गावात तुमचे नाव यादीत असेल तर, तुम्ही ग्रामसभेत मांडा आणि सभावृत्तान्तात त्याची नोंद झाली की नाही हे पाहून मगच उठा.